साल्व्हिनियाच्या जैविक नियंत्रणासाठी सोंड्या भुंगेरा

साल्व्हिनिया मोलेस्टा हे मूळचे ब्राझीलमधील तरंगते तण. बैतुल जिल्ह्यातील सारणीचा सातपुडा जलाशय त्याने व्यापला, तेव्हा स्थानिकांनी त्यास ‘चायनीज झालर’ म्हटले. चीनशी मात्र त्याचा संबंध नाही. त्याच्या दाट थराखाली पाण्यातील प्राणवायू घटतो. लहानशा तुकड्यापासूनही ते पुन्हा वाढते. म्हणून नुसते उपसणे पुरत नाही.

जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाने २०१९ मध्ये कटनी जिल्ह्यातील पडुआच्या तलावात सिर्टोबॅगस साल्व्हिनिये हा भुंगेरा सोडला. सुमारे दीड वर्षात पाणी मोकळे झाले. जेमतेम दोन मिलिमीटरचा हा भुंगेरा कोंब खातो, अळी खोड पोखरते, तण तपकिरी पडून बुडते.

तणातील नत्र फार कमी असल्यास त्याची वीण मंदावते. पापुआ न्यू गिनीत त्यासाठी युरिया वापरावा लागला. सांडपाणी मिळणाऱ्या तलावांत ही अडचण सहसा येत नाही, परंतु तेच सांडपाणी तणालाही पोसते. ते अडविणे हे भुंगेऱ्याचे काम नव्हे.

भुंगेरे सोडल्यावर तणनाशक फवारू नये. लहान तळ्यात तपकिरी पडलेले तण कुजण्यापूर्वी काठावर ओढावे. भुंगेरेयुक्त तण केवळ साल्व्हिनियाग्रस्त तलावातच न्यावे. त्याची पोती व घमेली स्वच्छ जलाशयात धुऊ नयेत.