जुन्या जीपचा ब्रेक दुसऱ्या पंपालाच का धरतो?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातली महिंद्राची सीजे-थ्रीबी जीप आहे. चारही चाकांचे ब्रेक शू, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे बसवले. तरी पहिल्या दाबाला पॅडल फळीला टेकते. दोन-तीनदा पंप मारला की ब्रेक कडक लागतो. फिटर म्हणतो, हवा राहिली आहे. पण हवा कितीदा तरी काढून झाली. दोष कुठे असेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हवा असती तर पंप मारल्यावरही पॅडल थोडे लिबलिबीतच लागले असते. तुमचे कडक होते. त्यामुळे पहिला संशय शू आणि ड्रम यांच्यातल्या अंतरावर घ्यावा लागतो.

मास्टर सिलिंडरचा पिस्टन एका दाबात ठरावीक तेल ढकलतो. शू लांब उभे असतील, तर ते सगळे तेल त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडते आणि दाब तयार व्हायच्या आत पॅडल संपते. पॅडल पटकन सोडले की पिस्टन लगेच मागे येतो, पण चाकांकडचे तेल परतायला क्षणभर उशीर लागतो. तेवढ्यात टाकीतले तेल पिस्टनच्या रबरी कपाच्या कडेवरून पुढे शिरते. दुसऱ्या दाबाला शू आधीच अर्ध्या वाटेवर असतात, म्हणून ब्रेक धरतो. थोडे थांबून पुन्हा दाबा. पॅडल पुन्हा खाली जाईल.

मूळ विलिस कंपनीने 1953 मध्ये आणलेल्या या मॉडेलच्या 9 इंची ड्रमला आपोआप जुळणारी रचना नाही. ड्रममागच्या प्लेटवर वरच्या बाजूला प्रत्येक शूसाठी एक कॅम असतो आणि खाली दोन अँकर पिना. शू झिजत जातात तसे फक्त कॅम फिरवायचे असतात. मात्र नवे शू टाकले की अँकर पिनाही जुळवाव्या लागतात, आणि नेमके तेच राहून जाते. त्या पिना मध्याबाहेर घडवलेल्या असतात. त्या फिरवल्या की शूचे खालचे टोक ड्रमच्या जवळ येते. पिना जुन्या शूच्या जागेवरच राहिल्या, तर नवा शू वरून टेकतो आणि खालून लांब राहतो.

जॅकवर चाक उचला. कॅम हळूहळू फिरवत चाक हाताने फिरवत राहा. चाक अडले की कॅम किंचित मागे घ्या, इतका की चाक मोकळे फिरावे. नव्या लायनिंगवर खडू घासून ड्रम चढवा, चाक फिरवत ब्रेक दाबा आणि ड्रम काढून पाहा. खडू मधेच पुसला गेला असेल, तर शू आणि ड्रमचा बाक जुळत नाही. ड्रमला खोबण पडली असेल, तर आधी लेथवर साफ करून घ्या. काही दिवस गाडी चालली की लायनिंग बसते, तेव्हा जुळवणी पुन्हा तपासावी लागते.

पॅडल वर यावे म्हणून मास्टर सिलिंडरचा पुशरॉड लांबवू नका. पॅडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल हवीच. ती नसेल तर कप तेल परतायचे बारीक भोक झाकून ठेवतो, गाडी तापली की तेल फुगते आणि ब्रेक आपोआप आवळत जातो.

रबराचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने कधीच धुऊ नका, कप फुगतात. त्यासाठी ब्रेक ऑइलच वापरा. जुन्या लायनिंगच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तिला कॉम्प्रेसरची हवा न मारता ओल्या फडक्याने पुसा.

एवढे करूनही पॅडल खालीच जात असेल, तर मग हवा काढा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करा. आपल्याकडच्या कित्येक जुन्या जीपच्या मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेले दिसते. तुमचीही तशीच असेल तर उजवे मागचे चाक आधी.

या जीपच्या चारही चाकांना तेलाची एकच लाईन आहे. एक नळी फुटली तर चारही ब्रेक जातात. हँडब्रेक मात्र गिअरमागच्या शाफ्टवर असून वेगळा चालतो. म्हणून पॅडल एका दाबात धरेपर्यंत आणि हँडब्रेक चढावर गाडी थोपवेपर्यंत ही जीप घाटात नेऊ नका.