जर्मनमध्ये एम.ए. : जळगाव-धुळ्याच्या घराला किती पडतं?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जर्मनची एम.ए. नाही. म्हणजे घर सोडणं आलं. जवळचं ठिकाण पुणे. तिथे पुणे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कलिन्याला. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ (इफ्लू). सगळी सरकारी विद्यापीठं, त्यामुळे फीनं कुणाचं घर बसत नाही. जेएनयूची शिकवणी फी तर वर्षाला काही शेकड्यांत आहे.

पैसा जातो तो एम.ए.च्या आधी. गटे, काफ्का, ब्रेख्त मूळ जर्मनमध्ये वाचायचे, तर निदान बी-२ पातळी (ए-१ ही पहिली, सी-२ शेवटची) हाताशी हवी. शून्यापासून तिथवर जायला साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. मॅक्सम्युलर भवनात ए-१ ते बी-२ अशा चार पातळ्यांची प्रत्येकी फी पाच आकडी असते, शिवाय परीक्षा शुल्क वेगळं. रानडेचे अर्धवेळ सर्टिफिकेट, डिप्लोमा स्वस्त पडतात, पण ते पुण्यात राहून करावे लागतात. म्हणून माझा सल्ला असा : जळगावात किंवा धुळ्यात बी.ए. किंवा बी.कॉम. चालू असतानाच ऑनलाइन वर्गातून बी-१ पर्यंत पोचा. इग्नूचाही जर्मनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर पुण्यात जाऊन 'ए-१'चा श्रीगणेशा करणारा मुलगा एम.ए.च्या पहिल्या तासाला बसायच्या आत वर्ष-दीड वर्षाचं भाडं भरून मोकळा होतो.

पुण्यात कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, बसपास आणि पुस्तकं मिळून महिन्याला दहा-बारा हजार धरा. दोन वर्षांचे अडीच-तीन लाख झाले. सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम् आणि ओबीसींसाठी आधार योजना आहे. पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. रक्कम उशिरा येते, तेव्हा पहिले सहा महिने खिशातूनच काढायचे आहेत, असं समजा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवा.

थेट जर्मनीत जायचं असेल तर गणित बदलतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात. नावाजलेलं हायडेलबर्ग त्याच राज्यात येतं. जर्मन साहित्यासाठी सहसा सी-१ पातळी मागतात, इंग्रजीवर भागत नाही. भारतातली शैक्षणिक कागदपत्रं पडताळून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये, व्हिसाचे ७५ युरो. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तर हे बारा लाख झाले. पैसे तुमचेच राहतात, दरमहा ९९२ युरो हाती येतात. पण एकदम उभे करावे लागतात.

इथेच केळी-कापसावर चालणारी घरं अडतात. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या पुढे तारण लागतं. सरफेसी कायद्याच्या वसुलीतून शेतजमीन वगळलेली असल्यानं बँका बहुधा सातबारा घेत नाहीत. घर किंवा एन.ए. प्लॉट मागतात. प्रवेशपत्र यायच्या आधीच बँकेत जाऊन विचारा.

आणि फक्त नोकरीच हवी असेल तर एम.ए.चा आग्रह सोडा. पुण्याच्या कंपन्यांतल्या बऱ्याच भाषा-कामांना चांगलं बी-२ किंवा सी-१ पुरतं. एम.ए. हवं ते शिकवण्याच्या नोकरीसाठी, साहित्याच्या अनुवादासाठी, पुढच्या पीएच.डी.साठी.

एजंटाला लाख रुपये देऊ नका. जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज स्वीकारणाऱ्या युनि-असिस्टमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. तो अर्ज घरबसल्या स्वतःच भरता येतो.