शिंगाखालची कपाळपट्टी काय सांगते?

पूर्व विदर्भातल्या एखाद्या जुन्या मालगुजारी वाड्याच्या ओसरीवर चितळाची किंवा सांबराची शिंगे लाकडी ढालीवर बसवलेली कधीतरी दिसतात. पाहणाऱ्याची नजर शिंगांच्या फाट्यांवर खिळते. आज आपण मात्र शिंगांच्या बुडाशी पाहू. तेथे दोन्ही शिंगांना जोडणारा हाडाचा एक तुकडा असतो. त्याला आपण सोयीसाठी कपाळपट्टी म्हणू. हा तुकडा तेथे का असतो, तो कसा स्वच्छ करतात आणि त्यावरून काय ओळखता येते, हे समजून घेऊ.

भरीव शिंग आणि पोकळ शिंग

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा व नवेगावच्या जंगलांत चितळ, सांबर आणि भेकर ही हरणे आढळतात. त्याच जंगलांत नीलगाय, चौशिंगा आणि रानगवाही आहेत. शिंगे या सर्वांना असली, तरी ती एकाच जातीची नव्हेत.

गवा, नीलगाय किंवा आपली शेळी यांच्या शिंगात आत हाडाचा खुंट असतो. त्यावर केरॅटिनचे म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे टोपण असते. हे शिंग आयुष्यभर टिकते. हरणाचे शिंग मात्र संपूर्ण हाडाचेच असते. ते फक्त नराला येते व ठरावीक काळाने गळून पडते. कपाळाच्या हाडावर, म्हणजे ललाटास्थीवर, दोन कायमचे खुंट असतात. त्यांवर नवे शिंग उगवते. वाढताना त्यावर मऊ, लवदार, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते. वाढ पुरी झाली की ती त्वचा सुकते आणि नर झाडाझुडपांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. पुढे नर-संप्रेरकाचे प्रमाण घटले, की खुंट व शिंग यांच्या सांध्यातील हाड विशिष्ट पेशी विरघळवून टाकतात. मग शिंग आपल्या वजनानेच गळते.

पट्टीची साक्ष

आता विचार करा. गळून पडलेल्या शिंगाच्या बुडाशी काय असेल? फक्त खडबडीत, गोलसर बूड. कपाळाचे हाड तर प्राण्याबरोबरच जंगलात फिरत असते! म्हणून ज्या शिंगांना कपाळपट्टी आहे, ती शिंगे गळलेली नव्हेत. तो प्राणी मेला, मग तो शिकारीने मेला असो वा अन्य कारणाने, आणि त्याची कवटी कापली गेली. ‘आम्हाला ही शिंगे जंगलात पडलेली सापडली,’ असे कोणी सांगितले, तर बूड पाहूनच त्या सांगण्याची पहिली परीक्षा घेता येते.

पट्टी कशी स्वच्छ करतात?

संग्रहालयासाठी नमुना तयार करताना डोळ्यांच्या खोबणींपासून कवटीच्या मागच्या बाजूपर्यंत करवतीने काप घेतात. त्यामुळे दोन्ही खुंट एकाच पट्टीवर राहतात. त्यानंतर कातडी, मांस आणि मेंदूचे अवशेष काढतात. ही सफाई अपुरी राहिली, तर पट्टीला दुर्गंधी येते आणि तिच्यावर किडे पडतात.

येथे हाडाची रचना ध्यानात ठेवावी लागते. हाड दोन द्रव्यांचे बनते. कॅल्शियम फॉस्फेटमुळे त्याला कठीणपणा येतो, तर कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे चिवटपणा. हाड खूप वेळ उकळले, तर कोलॅजनचे जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरते. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते, ते यामुळेच. असे हाड ठिसूळ होते, शिवाय मज्जेतली चरबी हाडात मुरून पुढे पिवळे डाग पडतात. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच वापरले, तर तेही कोलॅजनवर हल्ला करते आणि हाड खडूसारखे भुकटू लागते.

म्हणून जाणकार हाड साध्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि मांस खाण्याचे काम जिवाणूंवर सोपवतात. काही संग्रहालयांत हेच काम डर्मेस्टिड जातीचे भुंगेरे करतात. त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्याने चरबी काढतात आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडने हाड उजळवतात. शिंगांवर मात्र पेरॉक्साइड लागू देत नाहीत, कारण त्यांचा तपकिरी रंग उडून जाईल.

करून पाहा

हा प्रयोग हरणाच्या हाडावर करायचा नाही. त्याचे कारण पुढे येईलच. मटणाच्या दुकानातून शेळी किंवा बोकडाची, शिंगे असलेली व न भाजलेली मुंडी मिळवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून काम करा.

१. कातडी व सुटेल तेवढे मांस काढा. कवटीच्या मागच्या भोकातून तारेने मेंदू काढून आत पाणी घाला व धुवा.
२. झाकणाच्या बादलीत, वस्तीपासून दूर, मुंडी पाण्यात बुडवून ठेवा. दर काही दिवसांनी थोडे पाणी बदला. विदर्भाच्या उन्हाळ्यात काम लवकर होते, थंडीत वेळ लागतो. हे का, ते सांगा!
३. मांस सुटले की पाणी फडक्यातून गाळा, म्हणजे सुटलेले दात हरवणार नाहीत.
४. साबणाच्या कोमट पाण्यात काही दिवस ठेवा. तवंग येणे थांबेपर्यंत पाणी बदला.
५. औषधाच्या दुकानातील तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दिवसभर ठेवून सावलीत वाळवा. डोळ्यांना चष्मा लावायला विसरू नका.

या काळात शिंगाचे टोपण सैल होऊन हातात येईल आणि आतला हाडाचा खुंट दिसेल. हरणाच्या शिंगाचे असे टोपण कधीच निघत नाही. कपाळावरची नागमोडी शिवणही पाहा. दोन ललाटास्थी तेथे एकत्र येतात.

शिंग जंगलातच का राहू द्यायचे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्याचे शिंग, हाड, दात, नख हे सारे संरक्षणाखाली येते. गळून पडलेले शिंगही उचलून घरी नेता येत नाही. वाडवडिलांची शिंगे घरात असतील, तर त्यांना मालकीचे प्रमाणपत्र लागते आणि ती विकता येत नाहीत. अभ्यासासाठी मृत वन्य प्राण्यांचे नमुने परवानगीनेच तयार होतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये त्यासाठी केंद्र सुरू झाले.

कायद्याशिवाय आणखी एक कारण आहे. गळलेले शिंग म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरसचा साठा. सायाळ ते कुरतडते, हरणेही ते चघळतात, आणि उरलेले हळूहळू मातीत मिसळते. चितळाने चाऱ्यातून घेतलेली खनिजे अशी जंगलालाच परत मिळतात.

पुढे नागझिऱ्याला सहल गेली आणि वाटेत शिंग दिसले, तर ते उचलू नका. खाली वाकून बूड पाहा. ते गोल आहे की त्याला हाडाची पट्टी आहे? दातांच्या खुणा दिसतात का? वहीत चित्र काढा आणि पट्टी दिसली तर वनरक्षकाला जरूर सांगा. कदाचित एखाद्या शिकारीचा माग तुमच्या निरीक्षणातूनच लागेल.