सांडपाण्यातील जड धातू आणि पटल-गाळण : बंगळुरूचा धडा

शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम यांसारख्या जड धातूंचे जैविक विघटन होत नाही. सेंद्रिय मैला जिवाणू पचवितात. धातू मात्र पाण्यातून मातीत, मातीतून पिकात आणि पिकातून मानवी शरीरात जातात. त्यामुळे ते उगमापाशीच वेगळे करावे लागतात. बंगळुरूच्या वायव्येकडील पीण्या औद्योगिक वसाहत हे याचे बोलके उदाहरण होय.

पीण्यातील समस्या

पीण्यात यंत्रभागांना धातूचा मुलामा देणारे अनेक लहान कारखाने आहेत. तेथील भूजलात षट्संयुजी क्रोमियम आढळले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात ही वसाहत गंभीर प्रदूषित क्षेत्रांत गणली गेली. पाण्यात हे क्रोमियम ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असते. ते मातीला सहसा चिकटत नाही आणि खडकांच्या भेगांतून विंधनविहिरींपर्यंत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. या भागातील पृष्ठभागावरचे सांडपाणी वृषभावती नदीत उतरते. ही नदी पुढे अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते. वाटेतील बैरमंगल जलाशयाच्या पाण्यावर शेती केली जाते. म्हणजेच शहरातील मुलाम्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जातो.

पटलांचे कार्य

दाबाखाली पाणी पटलातून, म्हणजेच मेम्ब्रेनमधून, पलीकडे जाते व अशुद्धी अलीकडे राहते. अतिसूक्ष्म गाळणातील छिद्रे सुमारे १० ते १०० नॅनोमीटरची असतात. विरघळलेले धातूचे आयन त्याहून फार लहान असल्याने या गाळणातून निसटतात. नॅनो-गाळणातील छिद्रे सुमारे एक नॅनोमीटरची असून ती आकार व विद्युतभार या दोहोंच्या आधारे आयन अडवितात. व्युत्क्रम परासरण, अर्थात ‘आरओ’, याहून घट्ट असते. मात्र त्याला दाब व वीज अधिक लागते. सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन यांनी १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विकसित केलेल्या पटलामुळे हे तंत्र व्यवहार्य ठरले.

पूर्वप्रक्रियेविना पटले लवकर चोंदतात. म्हणून क्रोमियमयुक्त पाण्यात आम्लयुक्त स्थितीत सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम केले जाते. त्यानंतर अल्क मिसळून त्याचा साका खाली बसविला जातो. वर उरलेले पाणी गाळून पटलांकडे पाठविले जाते.

खरा प्रश्न संहत द्रवाचा

पटल धातू वेगळा करते, नष्ट करीत नाही. लिटरमागे ५ मिलिग्रॅम धातू असलेल्या १,००० लिटर पाण्यातून ७५० लिटर शुद्ध पाणी मिळाले, तर उरलेल्या २५० लिटरमध्ये धातूचे प्रमाण लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम होते. हा द्रव गटारात सोडल्यास सारे श्रम व्यर्थ ठरतात. तो बाष्पित करून उरणारा घन कचरा अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठविणे आवश्यक असते. याकरिता २०१६ चे घातक कचरा नियम लागू आहेत.

उपाययोजना

प्रत्येक धातूचे सांडपाणी स्वतंत्र ठेवल्यास पुनर्प्राप्ती शक्य होते. निकेलच्या मुलाम्यानंतर वस्तू धुतलेले पाणी आरओतून नेल्यास निकेल पुन्हा टाकीत वापरता येते. यामुळे प्रदूषण व कच्च्या मालाचा खर्च दोन्ही घटतात. एकट्या लहान कारखान्यास ही यंत्रणा परवडत नाही. म्हणून सामायिक प्रक्रिया केंद्रे, संहत द्रवाची नोंद व भूजलाची नियमित तपासणी यांची सांगड घालणे अगत्याचे आहे. किती पाणी शुद्ध झाले, याबरोबरच वेगळा काढलेला धातू अखेर कोठे गेला, याचा हिशेब जुळला तरच ही योजना यशस्वी म्हणता येईल.