देहदुर्गाचे जन्मजात पहारेकरी



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या नववीच्या वर्गाची सहल लेण्याद्रीस गेली होती. कुकडी नदी ओलांडून आपण डोंगराच्या पायथ्याशी आलो व सुमारे तीनशे पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोहोचलो. चैत्यगृह पाहिले, गिरिजात्मजाचे देवस्थान ज्यात आहे तो प्रशस्त, खांबरहित विहार पाहिला, आणि मग ओसरीवर बसून शिदोऱ्या सोडल्या. एका मुलाची आदल्या दिवशीची भाकरी दमट हवेने बुरसली होती. ती बाजूस सारीत त्याने विचारले, "सर, शिळ्या भाकरीवर बुरशी येते, आमच्या द्राक्षांवर भुरी पडते, भिंतीही बुरसतात, मग जिवंत माणूस का बुरसत नाही?"

प्रश्न ऐकून काही मुले हसली. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर त्या ओसरीवर पुरे झाले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

बुरशीची बीजे, म्हणजे बीजाणू, हवेत सर्वत्र तरंगत असतात. काही बीजाणू इतके सूक्ष्म असतात की, एका मिलिमीटरचे चारशे भाग करावेत, त्यांतील एका भागाएवढा त्यांचा आकार. आपण श्वासाबरोबर ते दररोज शेकड्यांनी आत घेतो. बुरशीच्या सुमारे दीड लाख जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत. तथापि मनुष्यास रोग जडविणाऱ्या जाती काही शेच आहेत. असे का व्हावे?

लेण्याद्रीवरून आपण समोर शिवनेरी पाहिला. त्या गडावर जाताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. एक पडला तरी दुसरा शत्रूस अडवितो. आपल्या देहाचीही रचना अशीच आहे.

पहिला दरवाजा शरीरोष्णतेचा. बहुतेक बुरशींना गारवा मानवतो. ३७ अंशांची ऊब त्यांना सोसत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ३० अंशांपासून ४० अंशांपर्यंत उष्णता वाढत गेली असता प्रत्येक अंशागणिक सुमारे सहा टक्के बुरशी वाढेनाशा होतात. दुसरा दरवाजा त्वचेचा. ती कोरडी असते, तिचा वरचा थर सतत झडत असतो व त्याबरोबर चिकटलेली बुरशीही झडते. तिसरा दरवाजा श्वासमार्गातील चिकट द्रवाचा. त्यात बीजाणू अडकतात आणि सूक्ष्म केसांच्या हालचालीने घशाकडे लोटले जातात. चौथा दरवाजा नवलाचा आहे. बुरशीस वाढण्याकरिता लोह लागते. पण आपल्या रक्तातील एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवते. वेढा घालणाऱ्या सैन्याची रसद तोडावी, तसाच हा प्रकार होय.

इतके दरवाजे ओलांडूनही एखादा बीजाणू फुप्फुसात उतरलाच, तर तेथे पहारेकरी सज्ज असतात. या पहारेकऱ्यांचा शोध कसा लागला, ती हकीकत मनोरंजक आहे. १८८२ साली रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ हे सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होते. तारामाशाच्या पारदर्शक पिलात त्यांनी गुलाबाचे बारीक काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो, पिलाच्या शरीरातील फिरत्या पेशी काट्याभोवती जमल्या होत्या! पुढे १८८४ साली त्यांनी पाणपिसू या चिमुकल्या जीवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू त्याच्या आतड्यास भोके पाडून शरीरात शिरतात. पेशींनी त्यांना गिळून नष्ट केले तर तो जगे. बीजाणू वाचले तर मरे. म्हणजे भक्षकपेशींच्या लढाईचा आद्य पुरावा बुरशीच्याच रणांगणावर मिळाला. मेचनिकॉफ यांना १९०८ साली एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु पहारेकरी परक्यास ओळखतो कसा? बुरशीच्या भिंतीत एक विशिष्ट शर्करायुक्त द्रव्य असते, ते आपल्या शरीरात मुळीच नसते. भक्षकपेशींच्या पृष्ठभागावर ते ओळखणारे ग्राहक जन्मतःच असतात. १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की, फळमाशीतील 'टोल' नावाचा एक घटक बिघडला असता ती बुरशीपुढे हतबल होते व तिच्या मृत देहावर बुरशी माजते. या शोधामुळे जन्मजात प्रतिकाराच्या अभ्यासास नवे वळण लागले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात हॉफमन हे एक मानकरी होते.

ओळख पटताच युद्ध सुरू होते. फुप्फुसातील महाभक्षक पेशी बीजाणूस गिळते. जो बीजाणू निसटून तंतू फोडतो, तो गिळण्यास फार लांब. त्याच्यावर रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पेशी तुटून पडतात. त्या प्राणवायूपासून दाहक रसायने घडवून तंतूस जाळतात. प्रसंगी स्वतःच्या केंद्रातील धागे बाहेर फेकून कोळ्याप्रमाणे जाळे पसरतात आणि बहुधा त्या कामी प्राण देतात. काही बालकांत ही रसायने घडविण्याची शक्ती जन्मतः नसते. त्यांना एरवी निरुपद्रवी असलेली बुरशीही घातक ठरते.

आता त्या बुरसलेल्या भाकरीकडे वळू. भाकरीवर, पावावर पुष्कळदा जी बुरशी येते तिला ऱ्हायझोपस म्हणतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात ज्या 'काळ्या बुरशी'ने हाहाकार उडविला, तिचे प्रमुख कारण याच वंशातील बुरशी होती. बुरशी स्वतः काळी नव्हे. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते व मेलेला भाग काळा पडतो. कित्येकांचा डोळा, कित्येकांचा जबडा शस्त्रक्रियेने काढावा लागला. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने या रोगाची नोंद अनिवार्य करण्याविषयी राज्यांना कळविले.

जी बुरशी आपण नित्य श्वासाबरोबर घेतो, ती तेव्हाच इतकी उन्मत्त का झाली? शत्रू नवा नव्हता. पहारा ढिला पडला होता. अनियंत्रित मधुमेहाने भक्षकपेशी मंदावतात; रक्त आम्ल झाले की प्रथिनाने धरलेले लोह सुटते व बुरशीस आयती रसद मिळते. त्यात स्टेरॉइडची भर पडली. हे औषध वैद्यांच्या सल्ल्याने, योग्य रोग्यास, योग्य मात्रेत दिले असता प्राणरक्षक ठरले. परंतु अकारण वा अधिक दिवस घेतले असता तेच पहारेकऱ्यांचे हात बांधते आणि साखरही वाढविते.

पालकहो, हा धडा केवळ २०२१ पुरता नाही. आपल्याच एका विद्यार्थ्याच्या मानेवर गजकर्णाचा लहानसा चट्टा उठला होता. घरच्यांनी दुकानातून एक मलम आणले. चार दिवसांत खाज थांबली, लाली गेली; सर्वांस हायसे वाटले. महिन्याभरात मात्र चट्टे पाठभर पसरले. त्या मलमात स्टेरॉइड होते. खाज व लाली ही पहारेकऱ्यांच्या झुंजीची खूण होती. मलमाने झुंज थांबविली, बुरशी नव्हे. पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या औषधाने तो बरा झाला, पण त्यास कित्येक महिने लागले व अभ्यास बुडाला तो निराळाच.

यास्तव गजकर्ण उठल्यास मनाने मलम लावू नये. वैद्यांस दाखवावे, आणि खाज गेली तरी सांगितलेली मुदत पुरी करावी. एकमेकांचा पंचा वापरू नये. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. भातलावणीत चिखलात उभे राहणाऱ्यांनी घरी येताच पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, म्हणजे चिखल्यांस आळा बसेल. घरात मधुमेही असतील त्यांनी साखर ताब्यात ठेवावी.

शिवनेरीचे दरवाजे मनुष्याने बांधले; या देहदुर्गाचे दरवाजे व पहारेकरी आपणांस परमेश्वराने न मागता, जन्माबरोबरच दिले आहेत. ते पगार मागत नाहीत की झोपही घेत नाहीत. त्यांचे हात आपणच बांधू नयेत, एवढेच आपले कर्तव्य. माणूस का बुरसत नाही, असे विचारणाऱ्या त्या मुलास माझे हेच उत्तर आहे.