दूरदेशचे पाहुणे

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुका आहे. तिथे नांदूर मध्यमेश्वर इथे गोदावरी आणि कादवा या नद्या मिळतात. इंग्रजी अमलात इथे बंधारा बांधला. पुढे गाळ साचला. पाणी उथळ झाले. पाणगवत वाढले. पाखरांची चाऱ्याची सोय झाली.

दिवाळी सरली होती. पेठ तालुक्यातले एक आबा भातकापणी उरकून नातवासह निफाडला आले होते. घरची सगळी माणसे द्राक्षबागेत कामाला लागली होती. सुटीच्या दिवशी आबा नातवाला घेऊन पाण्याच्या काठी गेले.

आकाशात पाखरांची रांग दिसली. बघता बघता ती पाण्यावर उतरली.

"आबा, ही कुठून आली?"

"लई लांबून, बाळा. काही तर हिमालयाच्या पल्याडहून. तिकडं थंडीत तळी गोठतात. मग चोच कुठं मारायची? फाल्गुन-चैत्रात माघारी जातील. अंडी तिकडंच घालतात."

"नावं काय त्यांची?"

"दरसाल येतो, म्हणून वनरक्षकाकडून शिकलो. टोकदार शेपटीचं ते तलवार बदक. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. केशरी अंगाचा चक्रवाक. अन् काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा, तो वारकरी!"

"वाट कशी सापडते त्यांना?"

"दिवसा सूर्य, रात्री तारे. पृथ्वीचं चुंबकपणही त्यांना उमगतं, असं शास्त्रज्ञ सांगतात."

नातवाने खिशातून गलोल काढली. आबांनी त्याचा हात धरला.

"पोटासाठी आपणही गाव सोडून इथं आलो. आपल्याला कुणी दगड मारला असता तर?"

नातू गप्प झाला. त्याने गलोल परत खिशात घातली. मग तो पाखरे मोजू लागला. शंभरापर्यंत मोजली, आणि मोजणे सोडले!

1972 च्या कायद्याने अशा पाखरांची शिकार हा गुन्हा आहे. ही जागा 1986 साली अभयारण्य झाली. पुढे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ती आली. महाराष्ट्रातली ती पहिलीच.

काही पाखरांच्या पायात कडी असते. तिच्यावर अक्षरे व आकडे कोरलेले असतात. त्यावरून पाखरू कुठून आले ते कळते. तुम्हाला असे पाखरू सापडले तर आकडे नीट वाचा, लिहून घ्या आणि वनखात्याला कळवा. आता तुम्हाला लिहितावाचता येते!

प्रश्न
1. पाखरे थंडीत इकडे का येतात?
2. आबांनी नातवाचा हात का धरला?
3. तुमच्या गावच्या तळ्यावर कोणती पाखरे येतात? त्यांची नावे लिहा.