क्लिप कुठे कापली ते बघ

चि. ओंकार,

अकरावीत गेल्यावर तुला स्वतःचा फोन घेतल्याचं आईकडून कळलं. फोनबद्दलचा बाकी उपदेश घरचे करतीलच. मला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या एका घटनेविषयी लिहायचं आहे. ती घडली तेव्हा तू लहान होतास.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात रिवाज. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या दिवसांत फोनोफोनी फिरत होते. कुणाला तरी संशय आला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि पाचही जणांना जिवे मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं, ओंकार.

त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांतल्या एकाला उचलतात आणि पसार होतात. बघताना पोटात गोळा येतो. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली फिल्म. तिच्यात ते दोघे परत येतात, मुलाला जागेवर सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका हाच शेवट उडवला. उरलेलं एकही दृश्य बदलावं लागलं नाही. म्हणून ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ एवढ्यावर कधी विसंबू नकोस. क्लिपच्या आधी काय होतं, पुढे काय झालं, हे विचार. त्यातलं एखादं चित्र गूगल लेन्सवर टाकलंस तर ते आधी कुठे येऊन गेलंय, हे पुष्कळदा सापडतं. मेसेजवर पुढे पाठवल्याचे दोन बाण दिसले, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय असं समज.

खरी अडचण वेगळीच आहे. असे मेसेज आपल्याला परके पाठवत नाहीत. मामा पाठवतो, शेजारच्या काकू पाठवतात, आणि तेही काळजीपोटी. राईनपाड्याच्या वेळी ते मेसेज पुढे ढकलणाऱ्या अनेकांनाही आपण पोरांना वाचवतोय असंच वाटलं असणार. त्यामुळे माणूस भला आहे म्हणून मेसेज खरा धरू नकोस, आणि मेसेज खोटा निघाला म्हणून माणसाला खोटं ठरवू नकोस.

आजीने असं काही टाकलं, तर घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘हे फेक आहे’ म्हणून तिला गप्प करू नकोस. तिला फोन कर, मूळ व्हिडिओ दाखव आणि दुरुस्ती तिलाच टाकू दे. वर्गाच्या ग्रुपवर मात्र तिथल्या तिथे विचार: कुठलं आहे, कधीचं आहे, कुणी काढलंय? हसणारे हसतील. उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचार.

तुझी,
मालूआत्या